जुन्या डेस्कटॉपमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड: चित्र कोणत्या टप्प्यावर जातं ते आधी बघा

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच राहिली, की पहिला निष्कर्ष निघतो तो 'कार्ड खराब आलं'. कधीकधी ते खरंही असतं. पण जुन्या मशीनमध्ये त्याआधी संशय घ्यावा अशा बऱ्याच जागा असतात: दहा वर्षं चाललेला एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), जुन्या पद्धतीने बूट होणारं बायोस (मशीन सुरू करणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर), आधीच्या कार्डाचे उरलेले ड्रायव्हर, किंवा नुसती मदरबोर्डच्या पोर्टमध्येच राहिलेली मॉनिटरची केबल. या जागा भराभर तपासता येतात, पण त्यासाठी काय बिघडलं यापेक्षा केव्हा बिघडलं याकडे लक्ष द्यावं लागतं.

संगणक सुरू होताना कामं ठरलेल्या क्रमाने होतात. एसएमपीएस सगळ्यांना वीज पुरवतो. मग बायोस कार्ड ओळखतं आणि कार्डाच्याच रॉममधला छोटा प्रोग्रॅम चालवून पहिलं चित्र दाखवतं. मग विंडोज लोड होते, ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो, आणि गेम किंवा रेंडरिंग सुरू झालं की कार्ड पहिल्यांदा पूर्ण वीज ओढतं. पंखे क्षणभर हलून मशीन बंद पडत असेल, तर वीज किंवा शॉर्ट. पंखे फिरतायत पण मदरबोर्डचा लोगोच येत नसेल, तर केबल, कार्डाची बैठक, पॉवरच्या पिना किंवा बूट-पद्धतीचा मेळ. लोगो दिसून विंडोज येता येता स्क्रीन जात असेल, तर बहुतेक वेळा ड्रायव्हर. सगळं नीट चालून फक्त गेममध्ये मशीन रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएस, नाहीतर उष्णता. एवढं ओळखता आलं की अर्धी शोधाशोध वाचते.

एक पथ्य मात्र शेवटपर्यंत पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि जुनं कार्ड विकून टाकायची घाई करू नका. नवं नीट चालेपर्यंत तुमच्याकडचं सगळ्यात उपयोगाचं साधन तेच आहे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल आणि मदरबोर्डवर डिस्प्लेचा पोर्ट असेल तर तेही चालेल.

कार्ड उघडण्याआधी

दोन कामं जुनं कार्ड मशीनमध्ये असतानाच उरकायची असतात, कारण नंतर स्क्रीनच दिसली नाही तर ती करता येत नाहीत. पहिलं, मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलचं शेवटचं बायोस आहे का ते बघा. त्याच्या नोंदींमध्ये नव्या ग्राफिक्स कार्डांशी जुळवून घेतल्याचा उल्लेख असेल तर ते टाकून घ्या. दुसरं, जुना ड्रायव्हर काढा. याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

मापं घ्यायला दोन मिनिटं लागतात. स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती मिलिमीटर जागा आहे ते मोजा, कार्डाची लांबी त्यातून वजा करा आणि १५-२० मिलिमीटर तरी उरतात का बघा. कार्ड अडीच स्लॉट जाडीचं असेल तर जुन्या बोर्डांवर ते खालचे, डिस्क जोडायचे साटा पोर्ट झाकू शकतं. पॉवरच्या पिना कार्डाच्या वरच्या कडेला असतील, तर कॅबिनेटचं झाकण लागताना केबल दाबली जाणार नाही ना तेही पाहा.

कंपन्यांचे तयार ऑफिस-डेस्कटॉप, म्हणजे डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर यांसारखी मशीनं घेताना जास्त सावध राहा. त्यांच्या अनेक मॉडेलांत एसएमपीएस नेहमीच्या मापाचा नसतो आणि मदरबोर्डला जाणारा कनेक्टरही २४ पिनांचा नसतो. त्यामुळे 'मोठा एसएमपीएस टाकू' म्हणून सुटत नाही. अशा मशीनला बाहेरून वीज न लागणारं, ७५ वॉटच्या आतलं कार्ड हाच शहाणपणाचा मार्ग. आणि कॅबिनेट अरुंद असेल तर कार्ड लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) हवं, शिवाय त्याची छोटी पट्टी खोक्यात आहे याची खात्री हवी.

वीज: सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात

पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापुढची वीज एसएमपीएसच्या केबलमधून येते: ६ पिनांच्या कनेक्टरमधून ७५ वॉट, ८ पिनांच्या कनेक्टरमधून १५० वॉट. नव्या मोठ्या कार्डांवरचा १६ पिनांचा छोटा कनेक्टर ६०० वॉटपर्यंत जाऊ शकतो, पण जुन्या मशीनमध्ये सहसा तिथपर्यंत जायची वेळ येत नाही.

एसएमपीएसवर '४५० वॉट' छापलेलं असतं म्हणून कार्डासाठी ४५० वॉट मिळतात असं नाही. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात, आणि जुन्या एसएमपीएसमध्ये बरीचशी क्षमता ५ व ३.३ व्होल्टला वाटून दिलेली असते. म्हणून बाजूचं लेबल वाचायची सवय लावा. समजा लेबलवर लिहिलंय: १२ व्होल्ट-१ वर १४ अँपिअर, १२ व्होल्ट-२ वर १५ अँपिअर. पाहणाऱ्याला वाटतं १४ आणि १५ मिळून २९ अँपिअर, म्हणजे ३४८ वॉट. पण त्याच लेबलवर खाली १२ व्होल्टची एकत्रित मर्यादा वेगळी दिलेली असते. ती ३०० वॉट असेल तर हिशोबाला ३००च धरायचे. एकच १२ व्होल्टची लाइन असेल तर हिशोब सोपा: अँपिअर गुणिले १२.

आता खर्चाची बाजू. जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरला भाराखाली ६५ ते ९५ वॉट. मदरबोर्ड, रॅम, एक-दोन डिस्क आणि पंखे मिळून आणखी ५० ते ६०. त्यावर आरटीएक्स ३०६०सारखं १७० वॉटचं कार्ड. बेरीज २८५ ते ३२५ वॉट होते. वरच्या उदाहरणातला ३०० वॉटचा एसएमपीएस इथे पहिल्याच गेममध्ये मान टाकेल. तेच कार्ड आरटीएक्स ४०६०, म्हणजे ११५ वॉटचं असतं तर बेरीज २५०च्या आसपास आली असती. चालेल, पण काठावर. बेरजेच्या दीडपट क्षमता १२ व्होल्टवर असावी, असा आमचा आग्रह आहे.

हा दीडपटीचा आग्रह उगाच नाही. आजची कार्डं सरासरी १७० वॉट घेत असली तरी एखाद्या मिलिसेकंदासाठी त्याच्या दुपटीच्या जवळपास झटका मारू शकतात. २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात याची दखल घेतली आहे: त्यानुसार ४५० वॉटपेक्षा मोठ्या, १६ पिनांचा कनेक्टर असलेल्या एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांसाठी आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलावा लागतो. त्याआधीच्या एसएमपीएसवर अशी सक्ती नव्हती. त्यात जुन्या एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने क्षीण झालेले असतात, त्यांची साठवण कमी झालेली असते, आणि नेमका हाच झटका त्यांना पेलत नाही. म्हणून मशीन दिवसभर ब्राउझर, व्हिडिओ सगळं व्यवस्थित चालवतं आणि गेमचा मेनू संपून खेळ सुरू झाला की क्षणात रीस्टार्ट होतं. आठ-दहा वर्षं जुना एसएमपीएस असेल, तर नव्या कार्डासोबत नवा एसएमपीएस घ्यावा हे आमचं स्पष्ट मत आहे. पैसे दोन्हींना पुरत नसतील तर कार्ड एक पायरी खालचं घ्या.

मल्टिमीटर असेल तर एक साधी चाचणी करता येते. डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी तार मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या) कनेक्टरच्या काळ्या वायरला, लाल तार पिवळ्या वायरला लावा. मशीन रिकामं असताना आणि मग भाराखाली असताना आकडा बघा. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत असायला हवा. भार येताच तो ११.४च्या खाली घसरत असेल तर पुढे काही शोधायची गरज नाही. आकडा ठीक आला म्हणून मात्र एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण मिलिसेकंदांचे झटके मल्टिमीटरला दिसत नाहीत. प्रोबची टोकं एकमेकांना किंवा कॅबिनेटला टेकणार नाहीत एवढी काळजी घ्या. एसएमपीएस स्वतः मात्र कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब शिल्लक असू शकतो.

केबलच्या बाबतीत तीन गोष्टी टाळा.

साटा पॉवरमधून ६ पिन काढणारा ॲडॉप्टर वापरू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर, म्हणजे एकूण ४.५ अँपिअर, ५४ वॉट. कार्ड त्या ६ पिनांतून ७५ वॉट मागू शकतं. हे कनेक्टर वितळतात, कधी पेट घेतात. कार्डाच्या खोक्यात दोन मोलेक्समधून ६ पिन करणारा ॲडॉप्टर आला असेल तर तो तुलनेने बरा, पण त्याचे दोन्ही मोलेक्स एसएमपीएसच्या वेगवेगळ्या केबलवरून घ्या. ज्या एसएमपीएसला कार्डासाठी स्वतःची केबलच दिलेली नाही, तो त्या कार्डासाठी बनवलेलाच नाही असं समजून चाला.

प्रोसेसरचा ८ पिन आणि कार्डाचा ८ पिन दिसायला भाऊभाऊ असले तरी त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट्या असतात. प्रोसेसरचा कनेक्टर ४ अधिक ४ असा सुटतो, कार्डाचा ६ अधिक २ असा. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते यासाठीच. जोर लावावा लागत असेल तर थांबा, तो चुकीचा कनेक्टर आहे.

तिसरं, मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल अदलाबदल करू नका. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक सापडतो. दुसऱ्याची केबल बसते, बटण दाबताच कार्ड किंवा डिस्क जळते.

पंखे फिरतात, चित्र नाही

मॉनिटरची केबल नव्या कार्डाच्या पोर्टमध्ये आहे ना? हे विचारायला संकोच वाटतो, पण सगळ्यात आधी हेच बघावं. कार्ड बसवल्यावर बहुतेक बोर्ड स्वतःचा डिस्प्ले पोर्ट आपोआप बंद करतात. मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडा. डिस्प्लेपोर्टने चित्र येत नसेल तर एचडीएमआय लावून बघा आणि मॉनिटर एकच ठेवा.

जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर वेगळी अडचण आहे. आताची कार्डं ॲनालॉग सिग्नल देतच नाहीत. एनव्हिडियाने तो जीटीएक्स १० मालिकेपासून, म्हणजे २०१६मध्ये, काढून टाकला. डीव्हीआयला अडकवायचा जुना छोटा व्हीजीए तुकडा त्यामुळे निरुपयोगी आहे. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

मग कार्डाची बैठक. मशीन बंद करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. कार्ड पूर्ण काढा. जुन्या स्लॉटमध्ये धूळ असते, ती ब्रशने किंवा हवेच्या झोताने काढा. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर लोकप्रिय आहे, पण त्याचे कण स्लॉटमध्ये जातात. कार्ड परत बसवताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी 'टक' असा आवाज करून बंद व्हायला हवी. कित्येकदा मागची धातूची पट्टी वाकडी असते किंवा कॅबिनेटच्या कडेवर अडते. मग पुढचं टोक बसलेलं दिसतं, मागचं एक-दोन मिलिमीटर वर राहतं, आणि स्क्रू घट्ट केला की कार्ड आणखी तिरकं होतं. स्क्रू लावण्याआधी बाजूने डोळा लावून पट्ट्या सगळीकडे सारख्या आत गेल्या आहेत का बघा. स्लॉटही प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा निवडा. खालचा लांब स्लॉट दिसायला तसाच असला तरी त्यात अनेकदा फक्त चारच लेन (डेटा वाहणाऱ्या वाटा) असतात.

पॉवर जोडायची राहिली असेल तर काही कार्डं स्क्रीनवरच तसा संदेश देतात, काहींवर कनेक्टरजवळ लाल दिवा लागतो. बोर्डवर व्हीजीए नावाचा छोटा दिवा असेल आणि तो पेटूनच राहत असेल, तर बोर्ड ग्राफिक्सपाशी अडकलाय. जुन्या बोर्डांवर हेच बीपने कळतं: अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड, एएमआय बायोसमध्ये आठ आखूड. मात्र त्यासाठी बोर्डाच्या पिनांवर छोटा स्पीकर जोडलेला हवा. तो नसेल तर मशीन मुकाट्याने अडकतं.

पंखे फिरत नाहीत म्हणून मात्र घाबरू नका. बऱ्याच नव्या कार्डांचे पंखे तापमान ५०-६० अंशांपर्यंत जाईपर्यंत मुद्दाम थांबलेले असतात.

जुनं बायोस, नवं कार्ड

वीज, केबल, बैठक तिन्ही ठीक असूनही लोगो दिसत नसेल तर गाडी बहुधा इथे अडलेली असते. हा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे, पण एकदा समजला की बरीच कोडी सुटतात.

मशीन सुरू करायच्या दोन पद्धती आहेत. जुनी लेगसी बायोस आणि नवी यूईएफआय. पहिलं चित्र दाखवण्यासाठी कार्डाच्या रॉममध्ये जो प्रोग्रॅम असतो, तोही दोन प्रकारचा: लेगसीसाठी वेगळा, यूईएफआयसाठी वेगळा. त्या दुसऱ्याला जीओपी म्हणतात. बरीच वर्षं कार्डांत दोन्ही असायचे, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. पण जिथे फक्त जीओपी आहे असं कार्ड शुद्ध लेगसी बोर्डात बसवलं, तर बोर्डाला ते बोलतं करता येत नाही. काही बोर्ड बीप देऊन थांबतात, काहींवर ड्रायव्हर लोड होईपर्यंत काहीच दिसत नाही.

साधारण २०१२ ते २०२० दरम्यानचे बोर्ड यूईएफआयच असतात, पण त्यांत जुन्या पद्धतीची सोय म्हणून सीएसएम नावाचं सेटिंग असतं आणि जुन्या मशीनमध्ये ते हमखास चालू सापडतं. नवं कार्ड चित्र देत नसेल तर सीएसएम बंद करून बघणं हा मुख्य उपाय. पण थेट बंद करू नका. विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेली असेल तर सीएसएम बंद करताच बोर्डाला बूट डिस्क सापडेनाशी होते, आणि एका अडचणीच्या जागी दोन उभ्या राहतात.

क्रम असा ठेवा. जुन्या कार्डावर विंडोज चालू करा, एमएसइन्फो३२ हे विंडोजमधलंच माहिती दाखवणारं टूल उघडा आणि 'बायोस मोड' ही ओळ वाचा. 'यूईएफआय' असेल तर प्रश्न मिटला, सीएसएम निर्धास्त बंद करा. 'लेगसी' असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे, ती जीपीटी या नव्या मांडणीत बदलावी लागेल. विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाची आज्ञा आतच मिळते. आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर तो थांबवा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत. मग प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा आधी 'व्हॅलिडेट' आणि 'अलाउ-फुल-ओएस' या दोन पर्यायांसह चालवा. ती यशस्वी झाली तरच 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट' घालून. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद.

इथेही एक खाच आहे. जुनं कार्ड २०१२च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असेल तर त्यात जीओपी नसण्याची शक्यता असते. सीएसएम बंद करताच जुन्याच कार्डावरचं चित्र जाईल. घाबरू नका, तेव्हाच नवं कार्ड बसवा. तेही चालेना तर प्लग काढून बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे सेटिंग मूळ जागी येतील.

या बॅटरीकडे एरवीही बघा. तिचा दाब ३ व्होल्ट असावा. जुन्या मशीनमध्ये ती मेलेली असते, घड्याळ मागे जातं आणि तुम्ही बदललेलं सीएसएम प्लग काढला की पुन्हा चालू होतं. मग 'काल चाललं, आज नाही' असा प्रकार घडतो. नवी बॅटरी टाका आणि मगच सेटिंग बदला.

बायोसच्या मेनूत आणखी दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. 'प्रायमरी डिस्प्ले' ऑटोवर न ठेवता पीसीआय एक्सप्रेस किंवा पीईजी करा. आणि स्लॉटचा वेग ऑटोवर असताना चित्र येत नसेल तर तो हाताने जेन ३ (पीसीआय एक्सप्रेस ३.०), मग जेन २ करून बघा. कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर हे विशेष करून.

एनव्हिडियाने आरटीएक्स ४०६० आणि ४०६० टीआयसाठी २०२३मध्ये, आणि पुढे ५०६० मालिकेसाठीही, काही बोर्डांवर बूट किंवा रीबूट करताना येणाऱ्या काळ्या स्क्रीनवर उपाय म्हणून कार्डाचं फर्मवेअर सुधारण्याचं अधिकृत टूल दिलं आहे. तुमचं कार्ड यातलं असेल तर ते दुसऱ्या चालत्या मशीनमध्ये लावून टूल चालवा. इंटेल आर्कच्या बाबतीत मात्र सल्ला सरळ आहे: त्याला यूईएफआय बूट आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, त्याशिवाय वेग फार घसरतो. इंटेल कोअरच्या १०व्या पिढीच्या आधीच्या मशीनसाठी आर्क घेऊ नका.

विंडोज येते, मग स्क्रीन जाते

लोगो दिसला, गोल फिरणारे ठिपके दिसले आणि मग काळोख: हा ड्रायव्हरचा प्रकार. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, विशेषतः वेगळ्या कंपनीचा, नव्याच्या आड येतो. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा. इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःच्या मनाने एखादा ड्रायव्हर घुसवेल. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये जा आणि डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवा. त्यात नवं कार्ड बसवणाऱ्यांसाठीच 'साफ करा आणि बंद करा' असा पर्याय आहे. मशीन बंद झालं की कार्ड बदला, सुरू करा, ड्रायव्हर टाका, मग इंटरनेट जोडा.

विंडोज ७ किंवा ८.१वर अडून बसला असाल तर नव्या कार्डाचा विचार सोडा. एनव्हिडियाने या आवृत्त्यांसाठी नियमित गेम-ड्रायव्हर २०२१मध्ये थांबवले. ३२ बिट विंडोजची तीच गत.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह असेल तर त्यावर दोनदा क्लिक करून कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १२ म्हणजे बोर्डाला कार्डासाठी पुरेसे पत्ते देता येत नाहीत, तेव्हा बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डीकोडिंग' चालू करा. तेही सीएसएम बंद असेल तरच नीट चालतं. ४३ म्हणजे ड्रायव्हरने कार्ड बिघडल्याचं सांगून ते थांबवलं. साफ ड्रायव्हर आणि नीट बैठक यानंतरही ४३ टिकला, तर कार्डावरचा संशय आता रास्त ठरतो.

भार आला की कोसळतं

कोसळण्याची पद्धत नीट पाहा. बटण दाबल्यासारखं मशीन क्षणात बंद किंवा रीस्टार्ट झालं तर एसएमपीएस. स्क्रीन गेली, आवाज काही वेळ चालू राहिला आणि कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंघावू लागले तर कार्डाची वीज तुटली किंवा ते अति तापलं. स्क्रीन गोठून परत आली आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर' पुन्हा सुरू झाल्याचं कळलं, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाची नोंद मिळेल. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज असं करते. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून मात्र एसएमपीएसला दोषी धरू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं, इतकंच ती सांगते.

नवा एसएमपीएस घेण्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा करा. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये 'पॉवर लिमिट' ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम अर्धा तास चालवा. कोसळणं थांबलं तर संशय विजेवर. तरीही थांबलं नाही तर फर्मार्कने फक्त कार्डावर दहा मिनिटं भार टाका, मग प्राइम९५ने फक्त प्रोसेसरवर, मग दोन्ही एकत्र. वेगवेगळे दोन्ही पास आणि एकत्र नापास, म्हणजे पुन्हा एसएमपीएसच.

उष्णतेसाठी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच भार द्या. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेटला हवा कमी पडतेय. जुन्या कॅबिनेटांत मागे एकच छोटा पंखा असतो, पुढे एक १२० मिलिमीटरचा बसवला की बराच फरक पडतो.

चालतं, पण वेग नाही

जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये 'बस इंटरफेस'ची ओळ बघा. रिकाम्या वेळी तिथे १.१ दिसणं नेहमीचं आहे, कार्ड वीज वाचवत असतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा, मग खरा आकडा येईल. सोळा लेनच्या कार्डाला आठ किंवा एकच लेन दिसत असेल तर बैठक किंवा स्लॉट चुकलाय.

आता बरीच स्वस्त कार्डं मुळातच कमी लेनची असतात. आरटीएक्स ४०६०ला आठ, आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४००ला चारच. पीसीआय एक्सप्रेस ४.०वर एक लेन सेकंदाला साधारण २ जीबी वाहते, ३.०वर १, आणि २.०वर अर्धा. म्हणजे ६५०० एक्सटीला नव्या बोर्डावर सुमारे ८ जीबी मिळतात, इंटेलच्या तिसऱ्या पिढीपासूनच्या ३.० बोर्डावर ४, आणि दुसऱ्या पिढीच्या, २.०च्या बोर्डावर फक्त २. कार्डाची मेमरी भरली की जादा माल याच वाटेने रॅममध्ये ये-जा करतो, आणि तेव्हा खेळ अडखळायला लागतो. जुन्या मशीनसाठी म्हणूनच सोळा लेनचं आणि थोडी जास्त मेमरी असलेलं कार्ड, एक पिढी मागचं असलं तरी, आम्ही वर ठेवतो.

लेन ठीक असूनही कार्डाचा वापर ५०-६० टक्क्यांवरच घुटमळत असेल आणि रिझोल्युशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर प्रोसेसर मागे पडतोय. एकच रॅमची पट्टी असेल तर तशीच दुसरी टाकून दोन चॅनेल करा, थोडा फरक पडेल. त्यापुढे त्या मशीनची तीच सीमा.

कार्डच खराब आहे, हे कधी म्हणावं

कार्ड दुसऱ्या, पुरेसा एसएमपीएस असलेल्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही चित्र नाही, किंवा बायोसच्या पडद्यावरच रंगीत ठिपके-पट्टे दिसतात, तर मेमरी किंवा चिप गेलेली आहे. बायोसच्या पडद्यापर्यंत विंडोजचा ड्रायव्हर पोहोचतच नाही, त्यामुळे तिथले पट्टे सॉफ्टवेअरने येत नसतात. त्यांचा मोबाइलवर फोटो घ्या, कोणत्या मशीनमध्ये, कोणत्या एसएमपीएसवर आणि कोणत्या केबलने तपासलं ते लिहा, आणि सिरीयल नंबरचं स्टिकर शाबूत ठेवून वॉरंटीसाठी पाठवा. दुसऱ्या मशीनमध्ये कार्ड तासभर भाराखाली नीट चाललं, तर ते परत आणून एसएमपीएस आणि बायोस या दोन ठिकाणांपासून पुन्हा सुरुवात करा.